जुन्या संगणक-खेळांची परीक्षा



साठी उलटलेल्या शाळामास्तराने संगणकावरील खेळांविषयी बोलावे, हे ऐकून आपणांपैकी पुष्कळांस हसू आले असेल. ज्याने नोकरीतील कित्येक वर्षे मुलांच्या हातून असले खेळ काढून घेण्यात घालविली, त्यानेच आज त्यांची बाजू मांडावयास उभे राहावे, हे विपरीत दिसते खरे. परंतु मी बाजू मांडावयास आलेलो नाही. परीक्षक म्हणून आलो आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या खेळांनी एका पिढीस वेड लाविले, ते आज पुन्हा खेळून पाहिले असता कसोटीस उतरतात काय, की बालपणीच्या आठवणींमुळेच ते गोड वाटतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ सांगितले पाहिजे. आमच्या नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यातील) एका शाळेत १९९८ च्या सुमारास चार संगणक आले. दुसरे कोणी पुढे येईना, म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्या हाती पडली. एकेका यंत्रापुढे सात-आठ मुले बसत, आणि वीज गेली की सर्वांनीच हात चोळीत बाहेर पडावयाचे. अशा स्थितीत काही मुले फ्लॉपीवर खेळ घालून आणीत. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी. आजच्या मोबाइलने काढिलेले एक छायाचित्रही तिच्यात पुष्कळदा मावणार नाही. नववीतल्या एका मुलाची फ्लॉपी मी एके दिवशी काढून घेतली आणि सर्व वर्गादेखत पुसून, कोरी करून त्याला परत दिली. तिच्यावर काय होते, हे मी पाहिलेही नाही.

गेल्या दिवाळीत तोच विद्यार्थी भेटावयास आला. आता तो पुण्यास संगणकाच्याच कामात आहे. बोलता बोलता म्हणाला, "सर, तुम्ही पुसलात तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. माझा डाव अगदी शेवटापाशी आला होता. पुढे मी तो खेळ कधी उघडलाच नाही. आता वाटते, तो खरेच चांगला होता, की आम्ही लहान होतो म्हणून चांगला वाटत होता?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मनास लागले. मी त्यास म्हटले, "दोन दिवस राहा. आपण परीक्षाच घेऊ."

परीक्षा घ्यावयाची तर परीक्षक निःपक्षपाती पाहिजेत. आम्ही तिघे बसलो. विद्यार्थ्याजवळ या खेळांच्या गोड आठवणी होत्या. माझा अकरा वर्षांचा नातू, त्याला यांतली एकही आठवण नाही. आणि तिसरा मी. माझी आठवण आहे ती केवळ रागाची. जुन्या यंत्राची अडचण पडली नाही. नव्या संगणकावर 'एम्युलेटर' नावाची आज्ञावली चालविली म्हणजे ती जुन्या यंत्राचे सोंग घेते. खेळाने दिलेली प्रत्येक आज्ञा ती वाचते, आणि जुन्या यंत्राने जे केले असते तेच नव्याकडून करवून घेते. अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह' या संग्रहाने २०१५ च्या जानेवारीत डॉस पद्धतीचे दोन हजारांहून अधिक खेळ याच रीतीने सर्वांस खुले केले.

कसोटी कोणती लावावी याचा विचार करिताना मला आमच्या जिल्ह्यातील नेवासे आठवले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हे गाव. मोक्षपटाचा खेळ ज्ञानेश्वरांनीच रचिला, अशी महाराष्ट्रात परंपरा आहे. विद्वानांचे त्याविषयी एकमत नाही. तो वाद आपण बाजूस ठेवू. मोक्षपटात शिडी पुण्याची व साप पापाचा. घराघरावर सद्गुण-दुर्गुणांची नावे लिहिलेली. असा हा भारतीय खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि 'साप-शिडी' या रूपाने मुलांच्या हाती आला. या प्रवासात घरांवरील नावे गळून पडली. नियम तेवढा उरला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक खेळाचे दोन भाग असतात: एक त्याचा नियम व दुसरा त्याचा साज. साज जुना होतो, नियम सहसा होत नाही. परंतु याच उदाहरणातून दुसरीही गोष्ट शिकावयास मिळते. खेळ केवळ टिकला म्हणून उत्तम ठरत नाही. साप-शिडीत खेळणाऱ्याला निवड कसलीच नाही. जे दान पडेल ते मुकाट्याने घ्यावयाचे. जुन्या पटावर ते शोभत असे, कारण घरावरील नाव वाचून मनन करणे हाच तेथील हेतू होता. नावे गेली, आणि उरले ते नुसते दान.

म्हणून आम्ही प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारावयाचे ठरविले. हरलो तर का हरलो, हे खेळणाऱ्यास कळते काय? खेळणाऱ्याच्या हाती खरीखुरी निवड आहे काय? आणि खेळाचा अवघडपणा त्याच्या नियमातूनच आलेला आहे, की दुसऱ्या कोणाच्या लाभासाठी बाहेरून घातलेला आहे? हा तिसरा प्रश्न प्रथम विचित्र वाटेल. तो पहिल्याच उदाहरणाने स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण 'पॅक-मॅन' चे. जपानातील नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी हा खेळ रचिला व १९८० मध्ये तो बाहेर आला. एका चक्रव्यूहात एक पिवळा गोळा ठिपके खात धावतो आणि चार भुते त्याच्या पाठीस लागतात. चारी भुते सारखीच, असे पाहणाऱ्यास वाटते. पण तसे नाही. तांबडे भूत सरळ पाठलाग करिते. गुलाबी भूत आपण जेथे आहो तेथे येत नाही. आपल्या तोंडापुढे चार घरांवर जी जागा असेल, ती रोखावयास निघते. निळ्याची चाल आपल्या व तांबड्याच्या अशा दोघांच्या जागांवरून ठरते. नारिंगी भूत दूर असेल तर जवळ येते आणि आठ घरांच्या आत आले की पळ काढिते. चार साधे नियम, पण त्यांतून चार स्वभाव उभे राहिले. माझ्या नातवाने यांतले काही वाचले नव्हते, तरी अर्ध्या तासाने तो म्हणाला, "आजोबा, तांबडे मागून येते आणि गुलाबी पुढून अडवते." पहिल्या दोन प्रश्नांत खेळ उत्तीर्ण झाला.

तिसऱ्या प्रश्नात मात्र गुण कापावे लागले. हा खेळ दुकानात ठेविलेल्या यंत्रावर, नाणे टाकून खेळावयाचा होता. आमच्याकडेही तालुक्याच्या गावापर्यंत अशी दुकाने पुढे निघाली होती. गिऱ्हाईक फार वेळ जिंकत राहिले तर दुकानदाराचे नुकसान; म्हणून हे खेळ मुद्दाम असे रचीत की थोड्याच मिनिटांत खेळणारा हरावा आणि पुन्हा नाणे काढावे. तीन 'जीव' देणे, ते संपताच आरंभापासून सुरुवात करावयास लाविणे, आणि फेरीगणिक वेग वाढवीत नेणे, या तिन्ही गोष्टींचा उगम पुष्कळ अंशी त्या नाण्याच्या फटीत आहे.

या यंत्राची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्यात फेऱ्यांचा अंक आठ घरांत साठविलेला असे, व प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच बसे. अशा आठ घरांत शून्यापासून २५५ पर्यंत, म्हणजे एकंदर २५६ संख्या मांडता येतात. पुढची संख्या मांडावयास जागाच नाही. त्यामुळे २५६ व्या फेरीत फळांची चित्रे काढिताना हिशेब चुकतो, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो. रचणाऱ्यांना तेथवर कोणी पोहोचेल असे वाटलेच नव्हते.

आता घरी खेळावयाच्या खेळांकडे वळू. जपानात १९८३ मध्ये निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढिले. त्याच्या नकला १९९० नंतर आपल्याकडील पुष्कळ घरांत दूरदर्शन-संचास जोडल्या गेल्या. लोक त्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत, आणि खेळाच्या डबीस 'कॅसेट'. कॅसेट चालेना तर काढून फुंकर मारावयाची, हा उपाय मुलांस कोणी शिकविला कोण जाणे! डबीवर '९९९९ खेळ' असे छापिलेले असे. आत पाहावे तो तेच पाच-पंचवीस खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा.

त्यांतील राजा 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५ चा. कर्ते शिगेरू मियामोतो व त्यांचे सहकारी. हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. माझे हे भाषण देवनागरीत टंकून संगणकात ठेविले तर जवळजवळ तितकीच जागा व्यापील! जागेची काटकसर अशी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र. एकास पांढरा रंग, दुसऱ्यास हिरवा.

पण मला मास्तर म्हणून भावले ते त्याचे पहिले पान. आरंभी नायक पडद्याच्या डाव्या कडेस उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि पुढे सगळी जागा मोकळी. म्हणजे कोणीकडे जावयाचे हे न सांगता समजते. थोडे पुढे गेले की एक शत्रू सावकाश समोरून येतो. त्याला भिडले तर मरण; पण मेल्याने फारसे बिघडत नाही, कारण खेळ नुकताच सुरू झालेला असतो. दुसऱ्या खेपेस मुलगा उडी मारितो, आणि शत्रूच्या माथ्यावर पडले तर तो चिरडतो, हे आपोआप शिकतो. वर प्रश्नचिन्हाची पेटी. डोके आपटले की तीतून वस्तू निघते. एक अक्षर न लिहिता धडा पुरा झाला. पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहूनही असा पहिला तास मला क्वचितच साधला असेल.

मारिओ आजही टिकतो, हे तिघांनाही मान्य झाले. परंतु येथेही नाण्याचे भूत घरात शिरलेले दिसते. घरी नाणे टाकावयाचे नसूनही तीनच जीव, आणि ते सरले की मूळपदावर. डाव जपून ठेवण्याची सोयही नव्हती. विद्यार्थी म्हणाला, भारनियमनाच्या दिवसांत सातव्या जगात पोहोचावे आणि नेमकी वीज जावी, असे कितीदा झाले! नातवाने हा भाग साफ नापास केला, आणि मला वाटते त्याचे बरोबर आहे. 'कॉन्ट्रा' या दोन सैनिकांच्या खेळात बटणे विशिष्ट क्रमाने दाबिली तर तीस जीव मिळत; ती युक्ती मुलांना पाढ्यासारखी पाठ असे. तो क्रम प्रथम १९८६ च्या 'ग्रॅडियस' या खेळात आला, तो त्या आवृत्तीवर काम करणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला, कारण तपासण्यासाठी खेळ शेवटपर्यंत खेळणे त्यांनाच जड जात होते. कर्त्यालाच जो अवघडपणा झेपत नाही, त्याची थोरवी आपण का गावी?

शाळांच्या संगणक-खोल्यांत ज्याने धुमाकूळ घातला तो 'डेंजरस डेव्ह'. हा जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये रचिला. पुढे १९९३ मध्ये 'डूम' हा प्रसिद्ध खेळ करणाऱ्या मंडळींत तेही होते. डेव्ह दहा खोल्यांतून चषक गोळा करीत दारापर्यंत जातो. विद्यार्थ्याने मोठ्या उमेदीने तो लाविला. दहा मिनिटांनी त्याचाच चेहरा उतरला. उडी ठरावीक मापाची, आगीत पाय पडला की जागीच मरण, आणि तीच ती भिंत पुन्हा पुन्हा. "सर, हा तर मी रोज खेळत होतो!" असे तो दोनदा म्हणाला. नातवाने तर तो मध्येच सोडून दिला. डेव्ह नापास. तो गोड होता तो खोलीत दाटीवाटीने बसलेल्या सात मित्रांमुळे आणि दारावर उभ्या असलेल्या मास्तरांच्या भीतीमुळे. ती गोडी खरीच होती, पण ती खेळाची नव्हती. आठवणींचा दगा कसा असतो, हे या एका खेळाने आम्हांस दाखविले.

याच्या उलट 'टेट्रिस'. १९८४ मध्ये मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणन-केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो रचिला. त्यांच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्रास चित्रे काढिता येत नसत. म्हणून त्यांनी कंसांच्या चिन्हांनी चौकोन दाखविले. ज्याचा साज मुळातच नव्हता, त्याचा साज जुना कसा होणार? चार-चार चौरसांचे सात आकार वरून पडतात. ते फिरवून, आडव्या ओळी भरावयाच्या. भरलेली ओळ नाहीशी होते. बस्स, एवढाच नियम. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून सहज डोकावल्या आणि तासभर उठल्या नाहीत. हरले तर दोष आपलाच. आपण ठेविलेले आकारच आपणांस अडवितात.

याचा एक गमतीचा हिशेब घरी मुलांस घालून पाहावा. पुठ्ठ्याचे सातही आकार एकेक कापून घ्या. चौरस झाले अठ्ठावीस. मग ते सात आकार चार रुंद व सात लांब अशा चौकटीत बसतील काय? कितीही खटपट केली तरी बसत नाहीत. कारण असे: ती चौकट बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळी-पांढरी रंगविली तर चौदा घरे काळी व चौदा पांढरी होतात. सातांपैकी सहा आकार कसेही ठेविले तरी दोन काळी व दोन पांढरी घरे झाकतात. सातवा, इंग्रजी टी अक्षरासारखा, तेवढा एका रंगाची तीन व दुसऱ्याची एक झाकतो. म्हणून बेरीज पंधरा व तेरा होते. चौदा-चौदा कधीच होत नाही.

शिवाय १९९७ मध्ये असेही सिद्ध झाले आहे की दोन वाकडे आकार पाळीपाळीने येतच राहिले, तर कितीही कुशल खेळाडू अखेर हरतोच. म्हणजे या खेळात जय नाही. हार किती लांबविता येते तेवढेच आपल्या हाती. तथापि २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने जुन्या निन्टेन्डो यंत्रावर १५७ व्या पायरीस असे घडविले की तो न हरता खेळच बंद पडला! चाळीस वर्षांनी ज्याच्यात काही नवे घडते, तो खेळ जुना कसा म्हणावा? टेट्रिसला आम्ही तिघांनीही पैकीच्या पैकी गुण दिले.

राहिला तो पुसलेला खेळ. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर या तरुणाने एकट्याने चार वर्षे खपून तयार केला, आणि १९८९ मध्ये तो ॲपल-दोन या संगणकावर प्रसिद्ध झाला. वजीर राजकन्येस कोंडितो. तळघरात टाकिलेल्या नायकाने साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचावयाचे. मेल्यास त्या मजल्याच्या आरंभी परत येता येते, पण गेलेला वेळ परत येत नाही.

मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून धावावयास, उड्या मारावयास व लोंबकळावयास लाविले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरविले. म्हणून त्या चिमुकल्या आकृतीची धाव आजही खऱ्या माणसाची वाटते. याचा एक तोटा आहे. प्रत्येक हालचाल पुरी झाल्यावाचून दुसरी सुरू होत नाही. बटण सोडले तरी राजपुत्र एकदम थांबत नाही. त्याला थांबावयास दोन पावले लागतात. नातू प्रथम चिडला: "हा ऐकतच नाही!" परंतु दुसऱ्या दिवशी त्याने पावले मोजावयास आरंभ केला. खेळ मंद आहे, पण अप्रामाणिक नाही. कोठे चुकलो ते प्रत्येक वेळी कळते.

चौथ्या मजल्यावर एक आरसा आडवा येतो. त्यातून धावत उडी मारिली की राजपुत्राची सावली त्याच्यापासून सुटी होऊन पळून जाते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकिते, त्याच्या तोंडावर दार लाविते. या सावलीचा जन्म कशातून झाला पाहा: यंत्राची स्मरणशक्ती संपत आली होती, नव्या शत्रूचे चित्र साठवावयास जागा नव्हती, तेव्हा राजपुत्राचेच चित्र घेऊन त्यावर थोडा फेरफार करून दुसरी आकृती उभी केली. दारिद्र्यातून निघालेली ही युक्ती साऱ्या खेळाचा गाभा ठरली.

बाराव्या मजल्यावर सावली तलवार घेऊन समोर येते. माझा विद्यार्थी पंचवीस वर्षांपूर्वी येथेच अडला होता. तो पुन्हा लढू लागला, आणि पुन्हा मेला. तीन-चार वेळा तसेच झाले. मग त्याने संगणक नातवाकडे दिला. नातू एकदा मेला, दुसऱ्यांदा मरता मरता म्हणाला, "आजोबा, मी तिला मारतो तेव्हा माझेच कमी होते." क्षणभर थांबून त्याने तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. दोघे जवळ आले आणि एक झाले. आणि जेथे दरी होती तेथे पावलागणिक वाट उमटत गेली.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग विद्यार्थी हसून म्हणाला, "इतकेच होते होय!" मला मात्र मोक्षपट आठवला. तेथे घरावर नाव लिहून जे सांगितले होते, ते येथे एक अक्षर न लिहिता, नियमानेच सांगितले होते. साज जुना झाला आहे, रंग मोजके आहेत. पण हा खेळ टिकला. आमच्या शेजारच्या पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' हा दुर्गा-विष्णूंच्या कथांवर उभारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्यातील भिंतीवरच्या उड्या नि कडेला लोंबकळणे पाहताना या राजपुत्राचा वंश आपल्या दारापर्यंत आला असे वाटते.

परंतु टिकण्याजोगा खेळ आपोआप टिकत नाही. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ विकत मिळेनासे झालेले आढळले. फ्लॉपीचे चुंबकत्व क्षीण होते, यंत्रे मोडतात, कंपन्या बुडतात. प्रिन्सची मूळ आज्ञावलीही हरवली होती. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातील एका कपाटात जुन्या चकत्या सापडल्या, म्हणून ती वाचली, आणि आज ती कोणासही वाचावयास खुली आहे.

आता पालकांसाठी एक शब्द. आजच्या खेळांचा साज डोळे दिपविणारा आहे, आणि त्यांत उत्तम खेळही आहेत. परंतु दुकानातील नाण्याची ती फट नाहीशी झालेली नाही. ती मोबाइलमध्ये आली आहे. जुना खेळ नाण्यासाठी लवकर संपे. आजचे पुष्कळसे खेळ नाण्यासाठीच कधी संपत नाहीत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेस २०२५ च्या ऑगस्टमध्ये करावा लागला, यावरून प्रकरण कोठवर गेले ते दिसते. मुलाच्या हातातील खेळ जुना की नवा, हे विचारू नये. मुलाजवळ बसावे आणि तेच तीन प्रश्न विचारावे: हरलास तर का हरलास ते कळते का? तुझ्या हाती काय निवडावयाचे आहे? आणि हा अवघडपणा कोणासाठी आहे? मुले याची उत्तरे फार चांगली देतात.

शेवटी माझ्या गुणपत्रिकेविषयी. चार यंत्रे आणि साठ मुले असता संगणक-खोलीत खेळ नकोत, हा नियम योग्यच होता. तो मी आजही करीन. माझी चूक निराळी होती. उत्तरपत्रिका न उघडताच मी तिच्यावर शून्य मांडिले, आणि तेही सर्व वर्गासमक्ष. परीक्षकाला याहून मोठा दोष नाही. जाताना विद्यार्थ्याला मी तसे बोलून दाखविले. तो म्हणाला, "असू द्या, सर." मग नातवाकडे वळून त्याने विचारिले, "उद्या पुन्हा पहिल्यापासून खेळू या? या खेपेस मी मारणार नाही."

तो आणखी एक दिवस राहिला.